बिनपानांची सावर आणि पाखरांचं घड्याळ

फेब्रुवारी सरत आला की पुण्यात पक्षी बघायला लांब जावं लागत नाही. वेताळ टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या आवारात फुललेली काटेसावर गाठावी आणि उन्हं तापेपर्यंत तिच्याजवळ थांबावं. झाडाला पान नसतं, त्यामुळे पाखरू दुर्बिणीशिवायही दिसतं. लाल, मांसल फुलांत मकरंद साचलेला असतो. मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर, शिवाय खारी, सगळे हजर!

या गर्दीत भोरड्यांकडे नीट बघा. गुलाबी अंग, काळं डोकं, अखंड कलकलाट. त्यांची वीण मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात, टोळांच्या भरवशावर होते. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक परतलेल्या असतात. मकरंदातल्या साखरेची त्यांच्या शरीरात चरबी होते. तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा चरबीत दुपटीहून जास्त ऊर्जा असते, म्हणून लांबच्या प्रवासाला तीच शिदोरी परवडते. पक्ष्यांच्या डोक्याला लागलेले पराग या झाडावरून त्या झाडावर पोचतात. सलीम अलींनी 1932 मध्येच भारतातल्या फुलांच्या आणि पक्ष्यांच्या या नात्यावर लिहिलं होतं.

निघायची वेळ झाली हे त्यांना कळतं कसं? थंडी लहरी असते. तिच्यावर विसंबता येत नाही. दिवसाची लांबी मात्र फसवत नाही. पुण्यात डिसेंबरअखेर सुमारे 11 तासांचा असलेला दिवस फेब्रुवारीअखेर जवळपास पाऊण तासाने वाढलेला असतो. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. मग संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, जननग्रंथी वाढू लागतात. कॅनडात विल्यम रोवन यांनी 1920च्या दशकात जुन्को पक्ष्यांच्या पिंजऱ्यांत दिवे लावून दिवस लांबवला, तर ऐन हिवाळ्यात त्यांच्या जननग्रंथी वाढल्या. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो.

इथेच राहणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ ठरवण्यात अन्न आणि पाऊसपाणी यांचाही वाटा असतो. तांबटाचं टुक्-टुक् आता दिवसभर चालतं. चोच मिटलेली, गळा फुगलेला. डोकं वळवत राहतो, म्हणून आवाज कुठून येतो ते समजत नाही. घरट्यासाठी तो वाळक्या, ठिसूळ फांदीत भोक कोरतो, बहुधा खालच्या बाजूने. नेमक्या याच दिवसांत सोसायट्यांमध्ये वाळक्या फांद्या छाटायला घेतात, याचं वाईट वाटतं. फांदीखाली ताजा भुसा पडलेला दिसला, तर वर कोरण्याचं काम चालू आहे असं समजावं.