नदीतील गाळमापनाची अचूकता

नदीच्या पाण्यातून वाहणाऱ्या गाळाचा मोजलेला आकडा प्रत्यक्षाच्या किती जवळ आहे, हे ताडून पाहण्याची प्रक्रिया. मराठवाड्यात गोदावरी, पूर्णा, मांजरा या नद्या काळ्या मातीच्या मुलखातून वाहतात आणि वर्षभराचा बहुतेक गाळ पावसाळ्यातल्या मोजक्या पुरांतच निघून जातो. म्हणून अचूकता तपासताना आधी पुराच्या दिवसांच्या नोंदी पाहाव्यात. उन्हाळ्यातल्या निवळशंख पाण्याच्या नोंदी कितीही नेटक्या असल्या तरी त्यांचा उपयोग थोडाच.

गोदावरीवर ढालेगाव येथे केंद्रीय जल आयोगाचे मापन केंद्र आहे. प्रचलित पद्धतीत पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट खाली बाटलीने नमुना घेतात, गाळतात, वाळवतात आणि तोलतात. इथे बारकावे फार. आषाढातल्या दमट हवेत गाळण कागद ओल धरतो. भट्टीतून काढल्यावर तो उघडाच राहिला, तर त्या ओलीचे वजनही गाळात धरले जाते. सेकंदाला १००० घनमीटर प्रवाहात लिटरमागे २ ग्रॅम गाळ असेल, तर दिवसाला १,७२,८०० टन गाळ वाहतो. तोलताना लिटरमागे ०.२ ग्रॅमची चूक झाली, की १७,२८० टनांचा फरक पडतो.

दिवसातून एकदाच नमुना घेतला, की रात्री आलेला लोंढा निसटतो. शिवाय चढत्या पुराचे पाणी उतरत्या पुरापेक्षा बहुधा अधिक गढूळ असते. राहिलेल्या वेळांचा गाळ प्रवाहावरून लॉग आलेखाने, म्हणजे प्रवाह आणि गाळ यांचे लॉगॅरिदम घेऊन मांडलेल्या आलेखाने, काढतात; तो परत साध्या मापात आणताना येणारी तूट भरून काढणारा दुरुस्ती गुणक विसरला, तर आकडा कमी येतो. तळाशी लोळत जाणारी वाळू तर या बाटलीत येतच नाही.

खरी पारख स्वतंत्र मापनाने होते. जायकवाडीसारख्या जलाशयात तळाची खोली ध्वनिलहरींनी मोजून आधीच्या सर्वेक्षणाशी ताडतात. मात्र काही बारीक गाळ सांडव्यावरून पुढे जातो आणि साचलेला गाळ वर्षागणिक दबत जातो. घनमीटरचे टन करताना दोन्ही हिशेबात धरावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ते हेच वर्ष. असा तळ उघडा पडला, की जमिनीवरून थेट पातळ्या घेता येतात. दुष्काळाच्या झळा सोसताना ही मोजणी राहून जाऊ नये. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ काढला जातो, तिथेही एक सावधगिरी हवी. उकरलेली माती मोकळी होऊन फुगते, म्हणून टिप्परमधले ब्रास जसेच्या तसे धरणाच्या वाढलेल्या साठ्यात मोजू नयेत.