खानापूर, पण कुठलं?

एम.एस्सी. करणारा भाचा परवा म्हणाला, "मामा, तुमच्या बेडकांच्या वह्या स्कॅन करून टाकूया की ऑनलाइन." वही उघडली. पहिलीच नोंद: 'खानापूर. पूल ओलांडून डावीकडे. ४ बेडूक, त्यातले २ ओरडत होते.' मलप्रभेवरचा तो पूल मला लख्ख आठवतो. पण खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं चित्र. त्यात शोधता येत नाही, ते दुसऱ्या कशाला जोडताही येत नाही.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं रॉटनचं वटवाघूळ बघा. भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत ते राहतं. लंडनचे प्राणीशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा ही गुहा मुंबई इलाख्यात होती. १९५६ पासून म्हैसूर राज्यात, १९७३ पासून कर्नाटकात. २०१४ ला जिल्ह्याचंही बेळगावी झालं. शास्त्रीय नावही निक्टिनोमसचं ओटोमॉप्स झालं. वटवाघूळ मात्र गुहेत लटकलेलंच! (घरात वटवाघूळ शिरलं की अपशकुन म्हणणाऱ्यांनो, दिव्याभोवतीचे किडे खायला येतं ते.)

नावं बदलतात, म्हणून माहितीच्या साठ्यात भिस्त ठेवायची ती क्रमांकावर. संग्रहालयातल्या प्रत्येक नमुन्याला स्वतःचा क्रमांक असतो. त्याच नमुन्याच्या डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम जेनबँकेत, म्हणजे अशा क्रमांच्या जागतिक साठ्यात गेला की तिथे दुसरा क्रमांक मिळतो. १९८२ पासून चालू असलेल्या या साठ्यात 'नमुना कुठला' असा एक रकाना आहे. त्यात संग्रहालयाचा क्रमांक लिहिला की डीएनए, कातडी, कवटी आणि ठिकाण एका दोरीत ओवलं जातं. कंटाळा करून तो रकाना कोरा सोडला, तर डीएनए लोंबकळत राहतो: अक्षरं शाबूत, पण प्राणी कुठला ते तपासायची सोय नाही. 'एआय नंतर जुळवून देईल' हे मला पटत नाही. जे लिहिलंच नाही ते कशाशी जुळवणार?

ठिकाणासाठी अक्षांश-रेखांश. जीबिफ हा कुठला जीव कुठे आढळला याच्या नोंदींचा २००१ सालचा जागतिक साठा डार्विन कोअर नावाच्या ठरावीक रकान्यांत नोंदी घेतो. अक्षांशातलं एक दशांश स्थळ म्हणजे साधारण ११ किलोमीटर, दोन म्हणजे १.१ किलोमीटर, तीन म्हणजे ११० मीटर. दुर्मीळ प्राण्याची जागा मुद्दाम एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवता येते. संशोधकाला प्रदेश कळतो, चोरट्याला गुहेचं तोंड सापडत नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो 'अनिश्चितता, मीटरमध्ये' हा रकाना. आपल्याला नेमकं ठाऊक नाही, हेही आकड्यात लिहायचं! भाच्याने नकाशावर पूल शोधला, बोट ठेवलं आणि तिथेच अडला.

"डावीकडे म्हणजे किती लांब, मामा?"

"बॅटरीच्या उजेडात गेलो होतो रे. ३०० मीटर घाल."