पार्श्वभूमी: इस्पितळातला वेळ मोजणारे रेडिओ टॅग

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) ओपीडीला आलेल्या माणसाचा दिवस डॉक्टरांसमोर फार थोडा जातो. बाकीचा जातो केसपेपर, रक्ततपासणी, एक्स-रे आणि औषधांची खिडकी यांच्यामध्ये. हा मधला वेळ मोजण्यासाठी जगभरातल्या काही इस्पितळांत आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींवर आपला क्रमांक सांगणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या, वापरतात. त्यामागे दोन वेगळे इतिहास आहेत.

पहिला युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धात रडारवर दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे कळावं म्हणून विमानांत रेडिओला उत्तर देणारी यंत्रं बसवली गेली. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची कल्पना मांडली. बॅटरी नसलेला टॅग आजही त्याला वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रीडरच्याच लहरींवर जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो.

दुसरा इतिहास स्टॉपवॉचचा. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी १९१० च्या दशकात शस्त्रक्रियांचं चित्रण केलं, तेव्हा सर्जनचा बराच वेळ हत्यारं शोधण्यात जातो असं दिसलं. मागितलेलं हत्यार परिचारिकेनं हातात द्यावं, ही शिफारस त्यातूनच आली. पण वही घेऊन कुणी शेजारी उभं राहिलं की माणसं नेहमीसारखी वागत नाहीत. टॅगचा खरा फायदा इथे आहे, असं मला वाटतं.

२००३ मध्ये सार्सच्या साथीत सिंगापूरच्या इस्पितळांनी कोण कुणाच्या संपर्कात आलं हे शोधायला टॅग वापरले. २००८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी मात्र धोक्याची घंटा वाजवली: अतिदक्षता विभागातल्या उपकरणांजवळ घेतलेल्या १२३ चाचण्यांपैकी ३४ वेळा बिघाड दिसला, त्यातले २२ धोकादायक होते.

गोव्यात हा विषय परका वाटायचं कारण नाही. मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, गोमेकॉत सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरनं ओढून आणल्या जात होत्या. ऑक्सिजन उपलब्ध असणं आणि तो वॉर्डापर्यंत पोचणं यांत तफावत आहे, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. टॅगमुळे ऑक्सिजन वाढला नसता. कुठली ट्रॉली कधी निघाली आणि बदलायला किती वेळ लागला, याची नोंद मात्र आपोआप राहिली असती. सुरुवात करायचीच तर ट्रॉल्या, स्ट्रेचर आणि रक्ताच्या नमुन्यांपासून करावी. परिचारिकांच्या गळ्यात टॅग अडकवण्याआधी ती नोंद हजेरीसाठी वापरणार नाही, हे लेखी ठरलेलं बरं.