बॅरी गाय

(२२ एप्रिल १९४७ – ). ब्रिटिश डबल बेसवादक, संगीतरचनाकार आणि ‘माया रेकॉर्डिंग्ज’ या स्वतंत्र लेबलचे (ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेचे) सहसंस्थापक. जन्म लंडनचा. तरुणपणी काही काळ वास्तुविशारदाच्या कचेरीत नोकरी. संगीताचे शिक्षण गिल्डहॉल स्कूलमध्ये.

डबल बेस हे व्हायोलिनच्या गोतावळ्यातले सर्वांत थोराड वाद्य. वाद्यवृंदात ते मागे उभे राहून खर्ज सांभाळते, आणि बॅरी यांनीही ते काम वर्षानुवर्षे केले. क्रिस्टोफर हॉगवुड यांच्या ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक’ या वाद्यवृंदात ते तातीच्या (आतड्याच्या) तारांवर बरोक काळातले, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांतले युरोपीय संगीत वाजवत. त्याच सुमारास पॉल रदरफर्ड (ट्रॉम्बोन) आणि डेरेक बेली (गिटार) यांच्याबरोबर ‘इस्क्रा १९०३’ या त्रयीत ताल, राग, आराखडा काहीही आधी न ठरवता वादन चाले. एकच माणूस दोन्हीकडे रमतो, हे अनेकांना चमत्कारिक वाटे.

मुक्त वादनात त्यांचा बेस ओळखू येत नाही. पाच तारांच्या वाद्यात तारांमध्ये काठ्या अडकवायच्या, गज घोडीच्या अगदी लगत ओढायचा, मध्येच तारांवर टिपऱ्यांसारखे ठोके द्यायचे. खर्जाच्या घुमाऱ्यातून एकदम किरकिर, टकटक, शिट्टी निघते. हा नुसता गोंगाट नव्हे. प्रत्येक आवाज कुठे थांबवायचा यावर हाताची घट्ट पकड असते. १९९३ मधील ‘फिझल्स’ या एकल ध्वनिमुद्रिकेत ती नीट ऐकू येते.

१९७० मध्ये त्यांनी ‘लंडन जॅझ कंपोझर्स ऑर्केस्ट्रा’ उभा केला. ‘ओड’ (१९७२) ही त्यासाठीची सात भागांची रचना. स्वैर वादक मोठ्या संख्येने एकत्र आणले, की रचनाकाराने लिहायचे किती आणि सोडायचे किती, हा पेच पुढेही त्यांची पाठ सोडेना. ‘विच गाँग गेम’मध्ये त्यांनी नेहमीच्या स्वरलेखनाऐवजी स्कॉटिश चित्रकार ॲलन डेव्ही यांच्या चित्रांवरून सुचलेली चिन्हे वापरली. वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशांवर बसलेला हात इथे दिसतो, असे म्हणायला हरकत नाही.

‘माया रेकॉर्डिंग्ज’ १९९१ मध्ये निघाले. त्यांच्या सहसंस्थापक व सहचारिणी माया होमबर्गर या स्विस बरोक व्हायोलिनवादक. त्यामुळे लेबलच्या यादीत एकीकडे इव्हन पार्कर (सॅक्सोफोन) व पॉल लिटन (तालवाद्ये) यांच्यासोबतची बॅरींची मुक्त वादनाची त्रयी, तर दुसरीकडे माया यांनी वाजवलेले बरोक संगीतकार बाख यांचे संगीत असे दोन्ही सापडते. दुकानातल्या कुठल्या कप्प्यात ठेवावे असा प्रश्न पडणारी ही यादी मोठ्या कंपनीने चालवली असती की नाही, शंकाच आहे.