सोलापूरचे जुने चर्च प्रेस्बिटेरियन का नाही?

सोलापुरात ‘प्रेस्बिटेरियन चर्च कुठले?’ असे विचारले, तर बहुतेक जण रंगभवनजवळच्या फर्स्ट चर्चकडे बोट दाखवतील. पण ही मंडळी (चर्चचा सभासदसमूह) अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे प्रत्येक मंडळीला स्वतंत्र मानणाऱ्या काँग्रिगेशनल परंपरेतली. प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे कोल्हापूरला होते. दोघांचा उगम मात्र एकाच संस्थेत आहे.

ही संस्था म्हणजे बोस्टनचे अमेरिकन बोर्ड. तिचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. 1860 मध्ये सोलापूरपर्यंत आगगाडी आली. त्याच दशकात नगरच्या मिशनने इथे काम सुरू केले. पुढे 1877 मध्ये कापडगिरणी उभी राहिली. 1876 ते 78 आणि 1899-1900 या दुष्काळांनी खेडी ओस पाडली आणि कामाच्या शोधात माणसे शहरात आली. मिशनच्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजातली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. चर्चच्या इतिहासात धर्मोपदेशापेक्षा धान्य, रेल्वे आणि शाळा यांना जास्त जागा द्यावी लागते, असे माझे मत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरी हार्डिंग यांनी इथे किंडरगार्टन चालवले आणि शिक्षिकाही तयार केल्या.

कोल्हापूरची वाट शाळांवरूनच वेगळी झाली. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा तेही अमेरिकन बोर्डाचेच होते. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे म्हणणे असे की, मिशनने इंग्रजी शाळांत पैसा घालू नये. देशी भाषेत उपदेश करावा आणि मंडळ्या लवकर देशी पाळकांच्या (पास्टरांच्या) हाती द्याव्यात. याच विचाराने नगरला 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. शाळांवर भर देणाऱ्या वाइल्डरांना हे धोरण पटले नाही. बोर्डाने कोल्हापूरचे काम बंद केले, पण वाइल्डर 1861 मध्ये स्वतंत्रपणे परत आले. 1870 मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन बोर्डाने घेतले. त्याच वर्षी अमेरिकेत प्रेस्बिटेरियनांचे दोन गट एकत्र आले आणि त्यांनी अमेरिकन बोर्डाची साथ सोडली. भांडण तिकडचे, पण त्यामुळे मराठी मुलखात दोन पंथ पडले! डॉ. वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय पुढे याच प्रेस्बिटेरियन शाखेतून उभे राहिले.

फरक कारभाराचा होता. प्रेस्बिटेरियन पद्धतीत प्रत्येक मंडळीचे ‘वडील’, म्हणजे निवडलेले पुढारी असतात आणि त्यांच्यावर प्रेसबिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची मिळून एक सभा असते. काँग्रिगेशनल पद्धतीत मंडळी आपले निर्णय आपणच घेते. सिद्धांतात मात्र अंतर फारसे नव्हते. कीर्तन, भजन आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक हे तर मराठी ख्रिस्ती माणसाचे सामाईक धन. त्यामुळे 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया बनले आणि दोन्ही परंपरा तिथे एकत्र आल्या.

मग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात या युनायटेड चर्चबरोबर अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथॉडिस्ट आणि डिसायपल्सही होते. बिशपची सत्ता नाकारत इंग्लंडमध्ये ज्यांचे पंथ वाढले, त्यांच्या भारतातल्या मंडळ्यांना या रचनेत बिशप मिळाले.