सॅनिबेलची पार्श्वभूमी: पूल आधी आला, शांतता नंतर ठरली

अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटाचं नाव निघालं की लोक शिंपले, सायकली आणि गावात एकही ट्रॅफिक सिग्नल नाही हे सांगतात, ते सगळं खरंय, पण ही शांतता जणू बेटाच्या मातीतच आहे असा जो सूर लागतो तो मला पटत नाही. ती मतदान करून ठेवलेली आहे.

जुना काळ थोडक्यात. कालुसा या मूळ रहिवासी लोकांचे शिंपल्यांचे ढिगारे, मग 1884 चं लोखंडी दीपगृह, मग टोमॅटो वगैरेची शेती, ती 1920 च्या दशकातल्या वादळांनी शेतात खारं पाणी घुसवून संपवली. पुढे कित्येक वर्षं यायचं तर फेरीबोटीनेच.

इतके शिंपले सापडतात त्याचं कारण बेटाच्या आकारात आहे. शाळेच्या भूगोलात वाळूचा दांडा शिकतो ना, बॅरियर आयलंड म्हणजे त्याचंच थोराड भावंड, किनाऱ्याला समांतर पडलेलं. त्या किनाऱ्यावरची बाकीची बेटं बहुतेक उत्तर-दक्षिण, सॅनिबेल मात्र कोपरासारखं पूर्व-पश्चिम वळलंय आणि समोरचा तळही उथळ, त्यामुळे आखातातून वाहत आलेले शिंपले न फुटता वर येतात. हिवाळ्यातल्या वादळी वाऱ्यानंतर ओहोटीला गेलात तर सगळा किनारा कमरेत वाकलेला दिसेल, या वाकण्याला तिथे 'सॅनिबेल स्टूप' असंच नाव पडलंय. जुनोनिया नावाचा ठिपक्यांचा दुर्मिळ शंख सापडला तर स्थानिक पेपरात फोटो छापून येतो, हे ऐकून मला आधी थट्टाच वाटली होती.

आता खरा मुद्दा. मे 1963 मध्ये मुख्य भूमीपासून पूल झाला. बेटावरच्या बऱ्याच जणांना तो नकोच होता, पण झाला, आणि मग व्हायचं तेच झालं, गाड्या आल्या, प्लॉट पाडणारे आले, आणि काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) झोनिंगमध्ये, कुठे किती बांधायचं या नियमांत, एवढ्याशा बेटावर साधारण 30,000 घरं बसू शकतील असं गणित निघालं. बेट जेमतेम 19 किलोमीटर लांब! नोव्हेंबर 1974 मध्ये बेटकऱ्यांनी मतदान करून स्वतःचं वेगळं शहर केलं, म्हणजे काय बांधायचं ते ठरवायचा हक्क काउंटीकडून काढून आपल्या हातात घेतला. 1976 चा आराखडा आला त्यात घरांचा आकडा साधारण पाव करून टाकला. हिशोब कसा केला ते मला फार आवडतं: किती घरं विकली जातील हे न बघता वादळ आलं तर एका पुलावरून किती माणसं वेळेत बाहेर पडतील, गोडं पाणी किती, पाणथळ जागा किती सहन करेल, असं उलटीकडून मोजत आले.

ज्यांनी मोठ्या बांधकामाच्या भरवशावर जमीन घेतली होती त्यांचं नुकसान झालं, आणि त्यांची ओरड अगदीच खोटी होती असं नाही. घरं कमी म्हणजे महाग, त्यामुळे हॉटेलात राबणारे बरेच जण आजही पुलापलीकडे राहतात आणि रोज ये-जा करतात. तरी माझं मत विचाराल तर निर्णय बरोबरच होता, शेजारच्या किनाऱ्यांवरचे टॉवर बघा म्हणजे कळेल. (इमारत नारळापेक्षा उंच नको असा नियम आहे म्हणून सांगतात, पण खरा नियम साधा फुटांत मोजलेला आहे.)

एका शब्दाने मात्र पाहुण्यांचा कायम घोळ होतो, 'लाइव्ह शेलिंग'. 1995 पासून सॅनिबेलवर जिवंत शिंपला उचलायला बंदी आहे. 'जिवंत' म्हणजे आत कोणताही जीव, मग तो मूळ मालक असो की रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा, आणि तारामासा, सँड डॉलर हा चपटा गोल समुद्री जीवही त्यातच धरलेत. शंख रिकामा दिसला तरी आत डोकावूनच पिशवीत टाकायचा. रिकामे शिंपले खुशाल न्या.

खारफुटीतलं अभयारण्य 1945 चं, म्हणजे पुलाच्याही आधीचं, गुलाबी चमचे पक्षी बघायला लोक तिथेच जातात. बेटाची दोन-तृतीयांश जमीन आज राखीव आहे ती अशी थोडी थोडी जमत गेली.

मग 28 सप्टेंबर 2022, इयन चक्रीवादळ. पुलाचा रस्ता अनेक ठिकाणी वाहून गेला, बेट पुन्हा 1963 च्या आधीसारखं तुटलं, तात्पुरता रस्ता ऑक्टोबरमध्ये झाला. दीपगृहाचा एक पाय गेला तरी ते उभं राहिलं, आणि 2023 मध्ये पुन्हा पेटलं. 2024 मध्ये हेलीन आणि मिल्टन या वादळांनी परत पाणी घातलं. पण माझ्या मते मोठा बदल वेगळाच आहे. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त नुकसान झालं तर पूरनियमांनुसार ते उचलून बांधावं लागतं, म्हणजे वाळूला टेकलेल्या त्या बुटक्या कॉटेज, ज्यांत लोक वर्षानुवर्षं त्याच आठवड्यात येऊन राहायचे, त्या जशाच्या तशा परत बांधता येत नाहीत.