शेजाऱ्याचं पाळीव कुत्रं मोकळं सुटतंय: कोल्हापुरात तक्रार अर्ज कसा करायचा आणि अर्ज अडतात कुठं

गल्लीत कुणाचं तरी आठ-दहा महिन्यांचं लॅब नाहीतर जर्मन शेफर्ड असतं, सकाळी गेट उघडं राहिलं की ते सुसाट बाहेर, गाड्यांच्या मागं पळणार, शाळेला निघालेल्या पोरांच्या अंगावर उड्या मारणार, आणि मालक दारातनंच सांगणार की काय करत नाही ओ ते, पिल्लू आहे अजून. याची रीतसर तक्रार करता येते. पण बरेच अर्ज पहिल्याच टेबलावर अडतात आणि कारणं दरवेळी तीच असतात, म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो आणि अडायच्या जागा नीट सांगतो.

पहिली अडचण विषयाच्या ओळीतच. लोक लिहितात "मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करणेबाबत". असा अर्ज थेट भटक्या कुत्र्यांच्या कामाकडं जातो, गाडी आली की शेजारी सांगतो हे आमचं आहे, गाडी परत, आणि तुमच्या अर्जावर निकाली काढल्याचा शेरा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं भटक्या कुत्र्यांचं काम स्थानिक संस्थेचं, पण पाळीव कुत्र्याचं लसीकरण, नसबंदी ही मालकाची जबाबदारी. त्यामुळं विषयात सरळ लिहा की "शेजारील पाळीव कुत्रा रस्त्यावर मोकळा सोडला जात असल्याने मालकास लेखी समज देणेबाबत". मालकाचं नाव, घराची खूण, कुत्र्याचा रंग, पट्टा, साधारण वय सगळं त्यात येऊ दे.

आणि मागणी "कुत्रं उचलून न्या" अशी करू नका. कुणाचं पाळलेलं जनावर असं कुणी उचलून नेत नाही, आणि ते वाक्य वाचलं की पुढचा अर्ज कुणी वाचतच नाही. दिवसभर साखळीला बांधा असंही लिहू नका, कारण कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे, शिवाय तरणं कुत्रं बांधून ठेवलं की सुटल्यावर जास्तच अंगावर येतं. मागणी एवढीच ठेवा: गेट बंद राहावं, बाहेर काढताना पट्ट्याला धरून काढावं, रेबीजची लस झाल्याचं कार्ड दाखवावं.

आता तो कागद जो कुणाकडंच नसतो, म्हणजे कुत्रं शेजाऱ्याचंच आहे याचा पुरावा. लसीचं कार्ड असतं मालकाकडं, ते तो तुम्हाला कशाला देईल? आणि चौकशीला माणूस आला की तोच मालक म्हणतो ते गल्लीतलंच आहे, आम्ही नुसती भाकरी घालतो. म्हणून पुरावा तुम्हालाच गोळा करायचा. मालक त्याला फिरवतोय असा फोटो, त्याच्या गेटातनं बाहेर येतानाचा तारीख-वेळ दिसणारा व्हिडिओ, गल्लीतल्या दोघा-तिघांच्या सह्यांचं निवेदन. फोटो रस्त्यावरनं काढा, कुणाच्या घरात कॅमेरा घालू नका, त्यानं तुम्हीच अडचणीत याल.

तुमची कागदपत्रं साधी आहेत, आधारची झेरॉक्स आणि पत्त्याचा पुरावा. भाडेकरू असाल तर लाइट बिल घरमालकाच्या नावावर असतं म्हणून बरीच मंडळी अर्जच करत नाहीत. करा. त्रास त्या पत्त्यावर राहणाऱ्याला होतोय, घर कुणाच्या नावावर आहे याचा इथं संबंध नाही. भाडेकरार जोडा, टेबलावरचा माणूस काहीही म्हणू दे.

हद्दीचं मात्र नीट बघा. पाचगाव, उचगाव, मोरेवाडीकडची माणसं पत्त्यात कोल्हापूर लिहितात आणि महापालिकेत अर्ज देऊन येतात, मग तो फिरत बसतो. घरफाळ्याची पावती काढा, ती ज्यांची असेल त्यांच्याकडं अर्ज. ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) द्या आणि गावात तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिच्याकडंही, असलं भांडण तिथं लवकर मिटतं. महापालिकेची असेल तर आपल्या भागाचं विभागीय कार्यालय, म्हणजे गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी नाहीतर ताराराणी मार्केट. दोन प्रती न्या, एक आवकला द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. नगरसेवकाला व्हॉट्सअ‍ॅप केलं म्हणजे अर्ज झाला असं होत नाही.

पण हे सगळं करायच्या आधी शेजाऱ्याशी बोला, आणि हे मी मनापासून सांगतोय, कारण नोटीस गेल्यावर पुढची वीस वर्षं त्याच भिंतीला भिंत लावून राहायचं असतं. कुत्रं अंगावर आलं त्याच क्षणी तावातावानं जाऊ नका, संध्याकाळी जा, एकटे जा, चार माणसं घेऊन गेलं की समोरचा भांडायलाच उभा राहतो. "दादा, टायगर लई ताकदीचा झालाय, सकाळी पोरं शाळेला जातात तेवढा वेळ तरी गेट लावून घ्या" असं नेमकं सांगा. वहिनी किंवा आज्जी घरी असतील तर त्यांच्याशी बोला, दिवसभर कुत्रं त्याच सांभाळत असतात. या वयाच्या कुत्र्याला अंगातली रग जिरवायला पळायला लागतं, पहाटे पट्टा लावून रंकाळ्यावर एक फेरी झाली तरी दिवसभर बराच फरक पडतो, हे सुचवा. पेठेत राहत असाल तर तालमीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला मध्ये घ्या.

बोलून झालं की त्याच रात्री त्याला एकट्याला साधा मेसेज टाका, "आज बोललो त्याप्रमाणं गेटचं बघा दादा". गल्लीच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका, चारचौघात मान गेली की माणूस हट्टाला पेटतो. नाहीच ऐकलं तर हाच मेसेज अर्जाला जोडता येतो, आधी सांगून बघितलं होतं हे त्यातनं दिसतं.

चावलं किंवा नखानं ओरबाडलं तर अर्ज राहू दे बाजूला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. इथं लोक एक भयंकर चूक करतात: कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा असं ऐकलेलं असतं, मग दहा दिवस बघू आणि नंतर लस घेऊ म्हणतात. असं करू नका! लस त्याच दिवशी सुरू करायची, कुत्र्यावर लक्ष ठेवणं सोबत चालतं. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८, यातला शून्य म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. आणि केस पेपरवर नुसतं "डॉग बाइट" नको, शेजाऱ्याचं पाळीव कुत्रं असं लिहून घ्या, पुढं तो कागद सगळ्यात जास्त कामाला येतो.

पोलिसांकडं जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, जनावराबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यात माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता दिसावी लागते. चपला पळवल्या, कुंड्या पाडल्या, रात्रभर भुंकतं, यावर हे कलम लागत नाही आणि असे अर्ज परत आले की लोक पोलिसांवर चिडतात. गाडीमागं लागल्यानं कोण पडलं, म्हातारं माणूस ढकललं गेलं, हे तारखेसकट लिहा. चोवीस तासांत तक्रार दिली नाही म्हणजे संपलं असंही काही नाही, या गुन्ह्याला मुदत एक वर्षाची आहे, पण उशीर का झाला ते लिहा. पूर्ण गल्लीलाच धोका असेल तर सगळ्यांच्या सह्यांनिशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांतांकडं जाता येतं.

अर्जाचं काय झालं ते कळेना तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा. त्यातले तीस दिवस माहिती द्यायचे आहेत, कारवाई करायचे नाहीत, त्यामुळं तिसाव्या दिवशी कुत्रं बांधलेलं दिसेल या आशेवर राहू नका.

वैतागून काही जण खाण्यात औषध घालायच्या गोष्टी करतात. जनावर मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि ते पोर फक्त खेळायला बाहेर आलेलं असतं, चूक गेट उघडं टाकणाऱ्याची.

शेजाऱ्यानं ऐकलं, गेटला कडी बसवली, पट्टा लावून फिरवायला लागला, तर अर्ज तसाच पडू देऊ नका. तक्रार मिटली असं दोन ओळींचं पत्र आवकला देऊन पोच घ्या आणि त्याची एक झेरॉक्स शेजाऱ्याच्या हातात द्या.